भेटीची पोहोच

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, दादर येथे, तरुण सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "मुलाखतीनंतर लिहावयाचे पत्र". त्यांस तो विषय फारच लहान वाटला, हे त्यांच्या मुद्रेवरून आमच्या ध्यानात आले. कार्यक्रमपत्रिकेत छापावयास काही भारदस्त मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु मंडळाच्या शिक्षण समितीवर बसून आम्ही जे पाहत आलो, त्यावरून आमची अशी खात्री झाली आहे की, आपल्या मुलामुलींस अर्ज लिहिता येतो, मुलाखतही बऱ्यापैकी देता येते. समोरचा गृहस्थ "कळवू" म्हणाला की मात्र त्यांचे हातपाय गळतात.

हा 'कळवू' शब्द आपल्या घरांस नवा नाही. मुलगी दाखविण्याचा कार्यक्रम आटोपून जिना उतरताना पाहुणे हाच शब्द उच्चारीत, आणि मग घरातील मंडळी पंधरा-पंधरा दिवस टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसत. आपण होऊन विचारणे कमीपणाचे. मुलीकडच्यांनी विचारणे तर फारच कमीपणाचे. शेवटी मध्यस्थाचा शोध सुरू होई. नोकरीच्या बाबतीत आपण आजही तेच करतो. उमेदवार गप्प बसतो आणि त्याचे वडील मध्यस्थ शोधू लागतात. त्या मध्यस्थांपैकी एक आम्ही आहोत, म्हणून हे भाषण.

आपल्या ज्ञातीतील निम्मी घरे गिरगावच्या चाळींतून कारकुनी करणारी आणि निम्मी लालबाग-परळच्या गिरण्यांत राबणारी. आमचे आजोबा दुसऱ्या निम्म्यातले. त्यांच्या वेळी गिरणीत माणूस लावणे हे जॉबरच्या हाती असे, आणि जॉबरची दस्तुरी व मर्जी सांभाळल्यावाचून आत पाऊल पडत नसे. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी पासाची पद्धत घातली. महिन्याच्या पहिल्या तारखेस ठरावीक माणसांस पास द्यावयाचे, त्यांनी रोज सकाळी गिरणीवर हजर व्हावयाचे, आणि त्या दिवशी जो कायम कामगार गैरहजर असेल त्याच्या जागी त्यांस घ्यावयाचे. आजोबा या पासावर पुष्कळ दिवस काढून मग कायम झाले. नोकरी मिळावी म्हणून त्यांनी कोणास पत्र लिहिले नाही, लिहिणे त्यांस येतही नव्हते. गावी पैसे धाडावयाचे झाले तर मोठ्या टपालकचेरीबाहेर बसणाऱ्या लेखकाकडून ते मनीऑर्डरचा फॉर्म भरून घेत. परंतु "मी येथे आहे, कामास तयार आहे", एवढे एक वाक्य ते रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर स्वतः उभे राहून सांगत.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, त्यातून पुष्कळ गिरण्या पुन्हा सावरल्या नाहीत, आणि पुढे त्या जागांवर काय उभे राहिले ते आपण पाहतोच. फिनिक्स गिरणीच्या आवारात आज खरेदीची दालने आहेत, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आहेत. आजोबा ज्या रस्त्याने पास घेऊन जात, त्याच रस्त्याने त्यांचा पणतू गळ्यात पाहुण्याची चिठ्ठी अडकवून काचेच्या कचेरीत मुलाखतीस जातो. मुलाखत संपली की चिठ्ठी काढून घेतात. दुसऱ्या दिवशी त्या फाटकावर जाऊन उभे राहण्याची सोय नाही. पहारेकरी आत सोडणार नाही. मग "मी येथे आहे" हे वाक्य त्याने सांगावयाचे कोठे, हा प्रश्न आहे.

आमचा स्वतःचा पहिला अनुभव सांगतो, म्हणजे आम्ही काही जन्मजात शहाणे नव्हतो हे ध्यानात येईल. १९७१ साली बी. कॉम. होऊन आम्ही फोर्टातील एका व्यापारी पेढीत मुलाखत दिली. वीस दिवस झाले, उत्तर नाही. तेव्हा चाळीतील एका इंग्रजी जाणणाऱ्या शेजाऱ्यांच्या मदतीने आम्ही चार पृष्ठांचे पत्र लिहिले. आरंभ 'आय बेग टु स्टेट' असा. पुढे वडिलांची निवृत्ती जवळ आली आहे, दोन बहिणींची लग्ने व्हावयाची आहेत, खोलीचे भाडे तुंबले आहे, असा सर्व संसार त्यात मांडला होता. शेवटी 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक'. ठाकुरद्वाराजवळच्या टायपिंगच्या वर्गात एका मित्राने ते टंकून दिले आणि आम्ही ते पोहोचपावतीसह रजिस्टर करून धाडले. आठवड्याने जिन्याखालच्या पेटीत ती पावती तेवढी परत आली, तिच्यावर कोणाची तरी न वाचता येणारी सही. त्या पेढीकडून आम्हांस मिळालेला एवढाच कागद. (२०२५ साली ते रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले, त्यामुळे तरुण मंडळींस ती पावती ठाऊकही नसेल.)

पुढे दुसऱ्या एका कंपनीत आम्ही नोकरीस लागलो, आणि दैवयोगाने तेथील नोकरभरतीच्या खात्यातच तीस वर्षे काढली. टेबलाच्या पलीकडल्या बाजूस बसल्यावर आमचे ते चार पृष्ठांचे पत्र काय होते हे आम्हांस कळले. ते पत्र नव्हतेच, तो अर्ज होता. 'अर्ज' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. दरबारात धन्यापुढे मांडलेली विनंती, असा त्याचा भाव. देणारा उंचावर, मागणारा खाली. एकदा अर्ज केलेला असताना मुलाखतीनंतर पुन्हा अर्ज करणे म्हणजे उठून पुन्हा पाया पडणे होय. वाचणारास त्याने दया येत नाही, संकोच येतो. आणि खरे सांगावयाचे तर, ज्याची अडचण अधिक त्यास जागा द्यावी असा अधिकार त्या बिचाऱ्या अधिकाऱ्यास नसतोच.

आपल्या व्यापारी पत्रव्यवहारात याहून वेगळा असा एक शब्द फार पूर्वीपासून आहे: पोहोच. हुंडी मिळाली, माल मिळाला, पत्र मिळाले, की त्याची पोहोच द्यावयाची. ती न देणे हा उद्धटपणा समजला जाई, आणि देण्यात कोणास कमीपणा वाटत नसे, कारण पोहोच देणारा आणि घेणारा व्यवहारात बरोबरीचे असतात. मुलाखतीत समोरच्या माणसाने आपणांस अर्धा तास दिला, कामाची माहिती दिली. त्याची पोहोच द्यावी. मुलाखतीनंतरचे पत्र म्हणजे इतकेच. "असे पत्र लिहिणे म्हणजे लाचारी नव्हे काय?" असे जे आपली स्वाभिमानी मुले आम्हांस विचारतात, त्यांस आमचे हेच उत्तर आहे.

आता ते लिहावे कसे, हे जरा विस्ताराने सांगतो, कारण चुका येथेच होतात.

तयारी मुलाखतीच्या खोलीतच सुरू होते. उठण्यापूर्वी नम्रपणे दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: निर्णय साधारण कधीपर्यंत होईल, आणि तोवर काही विचारावयाचे झाल्यास कोणास लिहावे. मुलाखत घेणारांची नावे व हुद्दे खाली उतरल्याबरोबर टिपून ठेवावेत. नावाचे स्पेलिंग चुकलेले पत्र न पाठविलेले बरे. आमच्या एका वरिष्ठांचे आडनाव दरवेळी चुकीचे लिहिले जाई आणि ते लाल शाईने दुरुस्त करूनच पुढचे वाचीत, कधी वाचीतही नसत. पत्र त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी जावे. आज ते ई-मेलने जाते, तेव्हा ज्या ई-मेलने मुलाखतीचे बोलावणे आले त्यालाच उत्तर म्हणून लिहावे, म्हणजे मागचा सर्व पत्रव्यवहार खाली आपोआप राहतो आणि वाचणारास 'हा कोण?' असा शोध करावा लागत नाही. विषयाच्या ओळीत पदाचे नाव व मुलाखतीची तारीख घालावी. बोलावणे एखाद्या भरती संस्थेमार्फत आले असेल तर पत्र प्रथम तिच्या माणसाकडे जावे. तिला वगळून थेट कंपनीस लिहिणे तिला रुचत नाही. रात्री व्हॉट्सॲपवर निरोप टाकणे, दोन्ही हात जोडल्याचे चित्र धाडणे, रोज फोन करणे, हे प्रकार कृपा करून करू नयेत.

मजकूर आठ-दहा ओळींहून अधिक नसावा. उदाहरणादाखल एक मसुदा वाचून दाखवितो.

"सादर नमस्कार. काल, मंगळवारी, हिशेबनीस पदाच्या मुलाखतीसाठी आपण व आपल्या सहकारी बाईंनी वेळ दिलात, त्याबद्दल आभारी आहे. गोदामातील मालाची मोजणी महिन्याऐवजी दर आठवड्यास घेण्याचा आपला विचार आहे, असे आपण सांगितले. त्यावरून या कामाचे स्वरूप मला नीट समजले आणि ते करण्याची माझी इच्छा आहे. मागील नोकरीचे प्रमाणपत्र आपण पाहावयास मागितले होते, ते सोबत जोडले आहे. सध्याच्या जागी मला एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागेल. निर्णय महिनाअखेर होईल असे आपण म्हणाला होतात. तोवर आणखी काही माहिती हवी असल्यास अवश्य कळवावे."

यात गोदामाच्या मोजणीचे जे वाक्य आहे, तो या पत्राचा प्राण होय. तो उमेदवार त्या खोलीत लक्ष देऊन बसला होता, हे केवळ त्या एका वाक्याने सिद्ध होते. अलीकडे संगणकास सांगितले की तो घटकेत पत्र लिहून देतो, आणि भाषाही निर्दोष असते. त्यास आमचा विरोध नाही. आमच्या वेळी शेजारी होते, तुमच्या वेळी हे यंत्र आहे. परंतु खोलीत काय बोलणे झाले हे यंत्रास ठाऊक नसते. ते तुम्ही न सांगाल तर तुमचे पत्र आणि आणखी दहा उमेदवारांची पत्रे एकाच साच्यातून पडल्यासारखी निघतील, आणि वाचणारास ते पहिल्या ओळीसच कळेल. भाषेविषयी म्हणाल तर ज्या भाषेत मुलाखत झाली त्या भाषेत लिहावे. ती इंग्रजी असल्यास साधी इंग्रजी लिहावी; 'आय बेग' आता कोणी लिहीत नाही, आणि ते गेले याचे आम्हांस सुख आहे.

सांगितलेली तारीख उलटून गेली तर काय? एक आठवडा थांबावे, आणि मग तीन ओळींचे दुसरे पत्र लिहावे: अमुक दिवशी मुलाखत झाली, निर्णय कोठवर आला आहे ते कळल्यास बरे होईल. न बोलणे म्हणजे नकारच, असे आपण धरून चालतो. आम्ही आतल्या बाजूने सांगतो की, पुष्कळदा ते तसे नसते. अधिकारी रजेवर असतो, जागेची मंजुरी मुख्य कचेरीत अडकलेली असते, पहिल्या पसंतीचा उमेदवार होय-नाही करीत असतो. तो शेवटी नाही म्हणाला की फाइल पुन्हा उघडते आणि दुसऱ्या-तिसऱ्यातून निवड करावयाची असते. तेव्हा ज्याचे नीटनेटके पत्र वर टाचलेले असते त्यास प्रथम फोन जातो, असे आम्ही अनेकदा पाहिले व स्वतः केलेही आहे. मात्र पत्रामुळे नालायक उमेदवार लायक ठरला, असे तीस वर्षांत एकदाही पाहिले नाही. दुसऱ्या पत्रासही उत्तर न आले तर दोन-तीन आठवड्यांनी शेवटचे एक लिहावे आणि विषय मिटवावा. दरम्यान दुसरीकडचे प्रयत्न क्षणभरही थांबवू नयेत. दुसरीकडे काम मिळाले तर पहिल्यास तसे कळवावे. नकार आला तरी आभाराच्या दोन ओळी लिहाव्यात.

सरकारी नोकरीच्या बाबतीत मात्र यातले काहीएक करू नये. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीनंतर सदस्यांस वा अधिकाऱ्यांस आपल्या निवडीविषयी पत्र लिहिणे हा वशिला लावण्याचा प्रयत्न समजला जाऊ शकतो, आणि त्यापायी उमेदवारी रद्द होऊ शकते. केंद्र सरकारने तर गट 'क' आणि गट 'ब'मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंदच केल्या. सरकारी भरतीत आपले प्रकरण कोठे आहे हे जाणून घ्यावयाचे असेल तर २००५ सालचा माहितीचा अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचे शुल्क, साधा कागद, नेमकी मागणी. माहिती अधिकाऱ्याने सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे असा नियम आहे. त्या कागदास अर्जच म्हणतात, परंतु तो दयेचा नव्हे, हक्काचा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही प्रत्यक्ष उभे राहिलो तिच्याकडे येतो. मंडळाच्या जुन्या पिढीने गावाकडून आलेल्या पोरांस आपल्या खोलीत पथारी दिली, कोठे जागा रिकामी आहे ते सांगितले, कोणाचे बोट धरून कचेरीपर्यंत नेले. त्याची थट्टा करण्याचा कृतघ्नपणा आमच्या हातून होणार नाही. जागेची बातमी देणे, ती कंपनी काय करते ते समजावून सांगणे, मुलाखतीची तालीम घेणे, हे मंडळाने आजही करावे. परंतु मुलाखत झाल्यावर आतल्या अधिकाऱ्याकडे "आपला मुलगा आहे, पाहा जरा" असा शब्द टाकणे ही निराळी गोष्ट आहे.

आम्ही तो टाकलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका हुशार मुलासाठी आम्ही एका ओळखीच्या अधिकाऱ्यास फोन केला. मुलास जागा मिळाली, त्याच्या वडिलांनी पेढे आणले, आम्हांसही धन्यता वाटली. पुढे एका लग्नाच्या पंगतीत तो शेजारी बसला असता त्याने सांगितले की, कचेरीत त्यास त्याच्या नावाने कोणी ओळखतच नाहीत, 'साहेबांच्या ज्ञातीचा' म्हणूनच ओळखतात. चांगले काम केले तरी तेच, चुकले तरी तेच. मग म्हणाला, "काका, तुम्ही फोन केला नसता तर मला ती जागा मिळाली असती का, हे मला कधी कळायचं नाही." चार वर्षांनी त्याने ती नोकरी सोडली. आमच्या मते त्यास ती जागा फोनवाचून मिळाली असती, परंतु हे आता सिद्ध कसे करावे?

म्हणून गेल्या वर्षी लालबागचे एक सभासद त्यांच्या कन्येसाठी आले तेव्हा आम्ही शब्द टाकावयास नकार दिला. लोअर परळच्या एका कंपनीत हिशेबखात्यासाठी तिची मुलाखत झाली होती, आणि तेथील व्यवस्थापक आपल्या ज्ञातीचे असल्याचे वडिलांनी शोधून काढले होते. आम्ही मुलीस बोलावून काय काय विचारले ते ऐकले. वस्तू व सेवा करातील एका प्रश्नावर ती चुकली होती: खरेदीच्या बिलावर भरलेल्या कराची वजावट कोठवर मागता येते? तिने सप्टेंबरचे विवरणपत्र ही जुनी मुदत सांगितली होती. २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर ती मुदत आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरले त्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेथपर्यंत झाली. घरी जाऊन तिने ते स्वतःच शोधून काढले होते आणि तिला ते मनातून डाचत होते. आम्ही म्हटले, "मग हेच लिही." तिने सात ओळींचे पत्र लिहिले. त्यात आभार होते, चूक होती आणि चुकीची दुरुस्ती होती. वडिलांच्या गिरणीचा, घरच्या अडचणीचा वा व्यवस्थापकांच्या आडनावाचा त्यात उल्लेख नव्हता.

आठ दिवसांनी उत्तर आले. जागा अधिक अनुभवी उमेदवारास दिली असे त्यात होते. दुरुस्ती कळविल्याबद्दल आभारही होते, आणि खाली मुलाखत घेणाऱ्या बाईंनी स्वतःच्या नावाने सही केली होती.

वडिलांनी आम्हांस क्षमा केलेली नाही. "तुम्ही एक फोन केला असतात तर," हे वाक्य त्यांनी गणेशोत्सवात चार माणसांत ऐकविले. त्यांच्या दुःखास आम्ही नावे ठेवीत नाही. आयुष्यभर ज्यांनी फाटकावर दुसऱ्याच्या शब्दाने आत जाणारी माणसे पाहिली, त्यांनी आपल्या मुलीसाठी तो शब्द मागू नये तर कोणी मागावा? मुलगी चार महिन्यांनी परळच्या एका हिशेबतपासनिसांकडे लागली. ते पहिले उत्तर तिने जपून ठेवले आहे, असे तिच्या आईने आमच्या घरी सांगितले. ते गृहस्थ आज सभागृहात आहेत किंवा नाहीत, हे आम्ही मुद्दाम पाहिलेले नाही.

आपल्या भाषिक प्रांताबाहेरचे एक उदाहरण येथे आठवते. १९७४ साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, ज्या पुढे सुधा मूर्ती म्हणून सर्वांस परिचित झाल्या, यांनी टेल्कोची जाहिरात पाहिली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे तिच्यात छापले होते. त्यांनी जे. आर. डी. टाटांस एक पोस्टकार्ड लिहून, टाटांच्या कंपनीत असा भेद कसा, असे विचारले. तारेने मुलाखतीचे बोलावणे आले, पुण्यास मुलाखत झाली आणि जागा मिळाली. ते पत्र मुलाखतीपूर्वीचे, आपला विषय नंतरच्या पत्राचा, हे खरे. पण पोस्टकार्डावर चार पृष्ठांचे रडगाणे मावत नाही, आणि त्या मुलीची टाटांशी ओळख नव्हती, एवढ्या दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा एक व्यवस्था सांगतो आणि थांबतो. दर शनिवारी सायंकाळी सहा ते आठ आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसतो. ज्यांची मुलाखत झाली असेल त्यांनी मुलाखत घेणारांची नावे, तेथे विचारलेले प्रश्न आणि आपण लिहिलेला पहिला मसुदा घेऊन यावे. तो आपल्या हाताने लिहिलेला असावा, वाईट असला तरी चालेल. वडिलांनी सोबत यावयास हरकत नाही, चहा मिळेल. आमची दूरध्वनीची वही मात्र आम्ही घरी ठेवून येतो.